रिपोर्ट 'नॉट डिटेक्टेड', मग गोळ्या का चालू? – एचआयव्ही नेमका लपतो कुठे

भिडेपुलाखालून | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, विषय घरचा आहे, त्यामुळे नाव-गाव विचारू नका.

जवळच्या नात्यातल्या एकाला एचआयव्ही आहे. काही वर्षांपासून सरकारी एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून) गोळ्या चालू आहेत, रोज रात्री एक. परवा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याचा, रिपोर्ट आला: 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. दुसऱ्याच दिवशी याचा प्रश्न, "रक्तात व्हायरसच नाही, तर गोळी कशाला गिळू?" डॉक्टर म्हणाल्या, "थांबवलीत की परत येतो. तो आत लपून बसलेला असतो." बाहेर ही एवढी रांग, याहून जास्त त्या तरी काय सांगणार.

पण आत म्हणजे कुठे? तपासणीत दिसत नाही, औषध रोज पोटात जातंय, मग हा तग धरतो कसा? कांजिण्यांचा विषाणू शरीरात राहतो आणि उतारवयात नागीण होते म्हणतात, तसलाच प्रकार का? मी कॉमर्सवाला. बेताने सांगा, पण खरं सांगा. व्हॉट्सॅपवरचे फॉरवर्ड नकोत.

हिंजवडी_फेज३ | शनिवार, रात्री १०:४०

वाचतोय. माझाही एक प्रश्न जोडा. रक्तातल्या पेशी मरतात, नव्या येतात. नवीन पेशींत विषाणूला औषध शिरू देत नसेल, तर जुन्या पेशी मरतील तसा तो आपोआप संपायला हवा. पाच-दहा वर्षांत खेळ खलास. तसं का होत नाही?

पेशीवाला | रविवार, सकाळी ८:०५

दोन्ही प्रश्न नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारे आहेत. गणेशखिंडीच्या बाजूला आमचा अर्धा दिवस याच भानगडीत जातो, त्यामुळे लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

एचआयव्हीकडे डीएनए नसतो, आरएनए असतो. जेमतेम ९,७०० अक्षरांचा मजकूर, त्याच्या दोन प्रती, आणि त्याभोवती प्रथिनांचं शंकूच्या आकाराचं कवच. आपल्या एका पेशीतला डीएनए सहाशे कोटी अक्षरांच्या वर जातो. एवढासा जीव एवढ्या मोठ्या यंत्रणेला वाकवतो, म्हणून मला याचा राग येतो तसं कौतुकही वाटतं.

तो प्रामुख्याने सीडी४ पेशींत शिरतो. बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणं हे या पांढऱ्या पेशींचं काम. आत गेल्यावर 'रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज' हे विकर (एन्झाइम) आरएनएवरून डीएनए लिहायला घेतं. एरवी पेशीत डीएनएवरून आरएनए लिहिला जातो; असं उलटं काही घडू शकतं हे १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं आणि १९७५ चं नोबेल मिळवलं. तेव्हा एचआयव्हीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तो सापडला १९८३ मध्ये. हे विकर लिहिताना चुका करतं आणि तपासून पाहत नाही. त्यामुळे नवनवीन अवतार तयार होत राहतात, आणि म्हणूनच एकच औषध देऊन भागत नाही, तीन एकत्र द्यावी लागतात.

कवच केंद्रकाबाहेरच फुटतं असं जुन्या पुस्तकांत सापडेल. अलीकडच्या कामातून दिसतंय ते असं, की कवच बऱ्यापैकी शाबूत अवस्थेतच केंद्रकाच्या छिद्रातून आत सरकतं आणि डीएनए लिहून पुरा होतो तो आत गेल्यावर.

पुढची पायरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'इंटिग्रेज' नावाचं दुसरं विकर या नव्या डीएनएची दोन्ही टोकं धरतं, प्रत्येक टोकाच्या एका धाग्यावरून दोन अक्षरं छाटतं आणि ती टोकं आपल्या गुणसूत्रातल्या डीएनएला जोडून टाकतं. जोड दोन धाग्यांवर समोरासमोर नसतो, पाच अक्षरांचं अंतर सोडून असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना छोट्या फटी राहतात. त्या कोण बुजवतं? आपलीच पेशी! डीएनए दुरुस्त करणारी तिची विकरं इमानेइतबारे येतात आणि काम चोख करून जातात. यानंतर विषाणूचा मजकूर आणि आपला मजकूर असे वेगळे काढताच येत नाहीत. याला प्रोव्हायरस म्हणतात. विषाणूकडे तो परत बाहेर काढणारं विकर नाही, आपल्या पेशीकडेही नाही.

नागिणीच्या विषाणूचं वेगळं आहे. तो मज्जापेशींत (नसांच्या पेशींत) दडतो हे खरं, पण गुणसूत्रात शिरत नाही. त्याचा डीएनए केंद्रकात सुटा, कड्यासारखा पडून राहतो.

माजी_तलाठी | रविवार, सकाळी ९:३०

पेशीवाले, पन्नास टक्के डोक्यावरून गेलं, पण इंटिग्रेजचं आम्हाला बरोबर कळलं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणा की. नवीन माणसाला बांधावरून हाकलता येतं. एकदा फेरफार मंजूर होऊन इतर हक्कांत नाव चढलं, की मग कुंपण घाला नाहीतर राखण ठेवा, कागदावरचा गडी हलत नाही. मुळशीत हे रोजचं होतं.

पेशीवाला | रविवार, सकाळी ११:२०

काका, लाख बोललात. आता तोच सातबारा पुढे नेतो. सध्याची गोळी, म्हणजे टीएलडी, यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं आहेत. पहिली दोन डीएनए लिहूच देत नाहीत, तिसरं जोडू देत नाही. म्हणजे तिन्ही औषधं फेरफार मंजूर होण्याआधीच्या टप्प्यावर उभी आहेत. आधीच ज्या पेशीच्या उताऱ्यावर नाव चढलंय, तिला ती शिवतही नाहीत.

मग ती पेशी गप्प का? सीडी४ पेशीत एरवी विषाणू शिरला, की ती विषाणूच्या प्रतींवर प्रती काढते आणि एक-दोन दिवसांत मरते. पण थोड्या पेशी अशा असतात, की संसर्ग झाला तेव्हा त्या कामावरून विश्रांतीकडे वळत होत्या. अशा पेशी स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षं राहतात, लहानपणीची लस म्हातारपणी आठवावी म्हणून निसर्गाने केलेली सोय. विश्रांतीत गेलेली पेशी आपली बरीचशी जनुकं वाचणं बंद करते, त्यात प्रोव्हायरसही बंद पडतो.

जरा बारकाईने सांगतो, कारण इथेच खरी गंमत आहे. प्रोव्हायरसच्या सुरुवातीला एक पट्टा असतो, तिथे 'एनएफ-कप्पा-बी' हे प्रथिन येऊन बसलं तर वाचन जोमाने सुरू होतं. विश्रांतीतल्या पेशीत ते केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं. शिवाय त्या पट्ट्याजवळचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. त्यातूनही वाचन सुरू झालंच, तर काही डझन अक्षरांवर यंत्र अडतं. त्याला पुढे ढकलायला 'टॅट' हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन लागतं, आणि टॅट तयार व्हायचं तर आधी पूर्ण वाचन व्हायला हवं. टॅट नाही म्हणून वाचन नाही, वाचन नाही म्हणून टॅट नाही. बसा मग.

यात विषाणूचं एकही प्रथिन तयार होत नाही. म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर काही खूण नाही, म्हणजे मारेकरी पेशींना ती ओळखू येत नाही. आणि व्हायरल लोडची तपासणी मोजते रक्तद्रवातला आरएनए, पेशींमधला डीएनए नव्हे. रिपोर्टने जे मोजलं ते बरोबरच मोजलं. तुमच्या भावाला (की जे कोण असतील त्यांना) सांगा, तो रिपोर्ट खोटा नाही, फक्त सातबारा त्यात तपासलेला नाही.

एक गोष्ट मला अजून चक्रावते. इंटिग्रेज काही विशिष्ट अक्षरं शोधत नाही, पण कुठेही जोडतं असंही नाही. आपल्याच पेशीतलं 'एलईडीजीएफ' नावाचं प्रथिन त्याला धरून भरपूर वाचल्या जाणाऱ्या जनुकांकडे नेतं. म्हणजे जागा पकडतो वर्दळीची आणि तिथे जाऊन चिडीचूप होतो!

शंखपुष्पी | रविवार, दुपारी १:१५

[प्रतिसाद संपादित]

संपादक मंडळ | रविवार, दुपारी १:५०

वरील प्रतिसादात एचआयव्ही 'मुळासकट' बरा करणाऱ्या काढ्याची जाहिरात आणि फोन नंबर होता. काढून टाकला आहे. एड्स बरा करतो असा दावा औषधाबाबत करायला कायद्याने मनाई आहे, अनुसूची 'जे' पाहावी. पुन्हा आल्यास आयडी बंद होईल.

माजी_तलाठी | रविवार, दुपारी २:०५

संपादकांचे आभार. 'मुळासकट' म्हणणाऱ्याने मूळ कुठे आहे ते तरी वाचायचं, इथेच वर लिहिलंय.

बाकी पेशीवाले, एक हरकत. सातबाऱ्यावरचं नाव कमी करता येतं हो. प्रांताकडे अपील असतं. इथे तसं काही?

हिंजवडी_फेज३ | रविवार, दुपारी ३:३०

आणि माझा प्रश्न राहिलाच. त्या स्मृतिपेशीही कधीतरी मरणारच ना?

पेशीवाला | रविवार, रात्री ९:४५

फेज३, आधी तुमचं. अगदी हाच हिशोब १९९० च्या दशकात मोठमोठ्या लोकांनी मांडला होता. एकत्रित औषधं आली, रक्तातला विषाणू झपाट्याने उतरला, दोन-तीन वर्षांत सगळं संपेल अशी आशा होती. १९९७ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की उत्तम उपचार चालू असलेल्यांच्याही विश्रांत सीडी४ पेशींतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू बाहेर काढता येतो. प्रमाण फार थोडं, साधारण दहा लाख पेशींत एक. पुढे वर्षानुवर्षं मोजल्यावर कळलं, की हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या वेगाने संपूर्ण संपायला ७३ वर्षांहून जास्त. म्हणजे पंचविशीत गोळी सुरू केली तर शंभरीनंतर बघू.

बरं, घट एवढी मंद का? पेशी मरतात हे तुमचं खरं, पण त्या वाढतातही. स्मृतिपेशी अधूनमधून दुभंगते, आणि दुभंगताना सगळा डीएनए नकलतो. काकांच्या भाषेत, उताऱ्याची नक्कल काढली की इतर हक्कातलं नाव नकलेतही येतं. विषाणूला एकही नवीन पेशी पकडावी लागत नाही. २०१४ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की अनेक पेशींत प्रोव्हायरस अगदी त्याच ठिकाणी जोडलेला आहे, म्हणजे त्या एकाच पेशीच्या लेकी-नाती. औषध इथे काय अडवणार? डोल्युटेग्राव्हिरच्या समोर नवीन जोडणी झालेलीच नाही.

दिलासा एवढाच, की यातले ९० टक्क्यांहून जास्त प्रोव्हायरस मोडके असतात, तुकडा गळालेले किंवा मजकूर बिघडलेले. त्यांच्यातून पूर्ण विषाणू बनत नाही. उरलेले थोडे खरे त्रासदायक.

आता काका, अपील. नाव पुसल्यासारखं झालेली उदाहरणं आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सगळ्यांत गाजलेलं टिमोथी रे ब्राउन यांचं, 'बर्लिन पेशंट'. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण करताना डॉक्टरांनी असा दाता शोधला, की ज्याच्या पेशींवर सीसीआर५ हे प्रथिनच नव्हतं. ते नसेल तर बहुतेक एचआयव्हींना आत शिरता येत नाही. विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ते गेले ते कर्करोग उलटल्याने. पण हा उपाय कर्करोग नसलेल्याला देता येत नाही, प्रत्यारोपणातच माणूस दगावू शकतो. रोज एक गोळी घेऊन ठणठणीत जगणाऱ्याला त्या वाटेला कोण लावेल?

दुसरा मार्ग, लपलेल्याला मुद्दाम जागं करायचं आणि मग मारायचं. हिस्टोनची गुंडाळी सैल करणारं व्होरिनोस्टॅट हे कर्करोगावरचं औषध २०१२ मध्ये असं वापरून पाहिलं. पेशींत विषाणूचा आरएनए वाढला, म्हणजे जाग आली. साठा मात्र घटला नाही. जागं करणं जमलं, मारणारं कुणी आलं नाही. तिसरा गट उलट म्हणतो, जागं करूच नका, टॅटच अडवा आणि कायमचं कुलूप घाला. मला स्वतःला हा रस्ता जास्त पटतो, कारण निसर्गाने तो करून दाखवलाय. औषधाशिवाय विषाणू काबूत ठेवणारे थोडे लोक असतात. २०२० मध्ये त्यांच्या पेशी तपासल्या तर धडधाकट प्रोव्हायरस बरेचसे जनुकं नसलेल्या ओसाड भागांत सापडले, जिथे वाचन जवळजवळ होतच नाही.

समुपदेशक_ताई | सोमवार, सकाळी ७:१०

मी याच कामात आहे, त्यामुळे धागा एका दमात वाचला. पेशीवाल्यांच्या शास्त्राला माझी जोड इथल्या माणसांची.

'लपलाय' हे आम्ही फार जपून सांगतो. कारण दोन टोकं होतात. एक भिडेपुलाखालूनच्या नातेवाइकासारखं: दिसत नाही म्हणजे गेला, बंद करू गोळी. बंद केली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसतो. सीडी४ चांगले असतील तोवर मधे मधे सुट्टी द्यावी का, हेसुद्धा मोठ्या अभ्यासात तपासून झालंय. २००६ मध्ये निकाल आला. सुट्टी घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त निघाले, म्हणून तो अभ्यास आधीच थांबवावा लागला. हा विषय तिथे मिटला.

दुसरं टोक जास्त छळतं: 'आत आहे ना, म्हणजे बायकोला, मुलांना धोका आहेच.' नाही! लपलेला प्रोव्हायरस पेशीतून उडी मारून दुसऱ्याकडे जात नाही. गोळी नियमित आणि व्हायरल लोड दाबलेला असेल, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे आपल्या पुण्याच्या लोकांनीही सिद्ध केलंय. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी. भोसरीची 'नारी' ही राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात होती. लवकर उपचार दिल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचा निकाल २०११ मध्ये आला. त्या जोडप्यांतले काही इथल्याच वाड्या-वस्त्यांतले होते, त्यांची नावं कुणाला कळणार नाहीत, पण जगभरचे नियम बदलले.

गोळी बंद होण्याचं कारण शास्त्र न कळणं हे क्वचितच असतं. आमच्याकडे शिरूर, दौंडकडचे लोक मुद्दाम पुण्यात गोळ्या न्यायला येतात, आपल्या तालुक्यात कुणी बघू नये म्हणून. बाटलीवरचं लेबल तिथेच बाकावर बसून नखाने खरवडतात. एक बाई बाटलीत कापूस कोंबून नेते, एसटीत पिशवी हलली की गोळ्यांचा खुळखुळ होऊ नये म्हणून. घरात सासू डबे उघडते, मग दोन दिवस गोळी चुकते. त्या बाईला इंटिग्रेज समजावून काय करू? तिच्यासाठी घरातली एक तरी व्यक्ती सोबत यायला तयार होणं जास्त मोलाचं असतं. २०१७ चा कायदा आहे, कुणाची माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही, नोकरीवरून काढता येत नाही. पण सासूला कायदा दाखवता येत नाही.

माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

हिंजवडी_फेज३ | सोमवार, सकाळी ९:००

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बसमध्येच थबकलो.

पेशीवाले, अजून एक. सुई टोचली वगैरे झालं तर ७२ तासांत औषध घ्या म्हणतात. ते याच्याशीच संबंधित का?

पेशीवाला | सोमवार, दुपारी १:३०

सरळ संबंध आहे. पहिल्या पेशींत जोडणी होऊन साठा रुजायच्या आत औषध पोहोचलं पाहिजे, म्हणून ७२ तासांची मर्यादा, खरं तर जितकं लवकर तितकं उत्तम, आणि पुढे २८ दिवस. माकडांवरच्या एका प्रयोगात, २०१४ मधल्या, लागण झाल्यावर तीन दिवसांनी औषध सुरू केलं. रक्तात विषाणू अजून दिसतही नव्हता. तरी औषध थांबवल्यावर तो उगवला! दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या बाळाचं. जन्मानंतर ३० तासांत उपचार, दीड वर्षाची असताना उपचार सुटले, पुढे दोन वर्षांहून जास्त काळ विषाणूचा मागमूस नाही. सगळ्यांनी बरी झाली म्हणून लिहिलं. जुलै २०१४ मध्ये तो परत आला. एवढा काळ तो कुठल्या पेशीत होता, किती पेशींत होता, कुणालाही तपासणीत सापडला नव्हता.

अवांतर: आपल्या सगळ्यांच्याच डीएनएत सुमारे ८ टक्के मजकूर प्राचीन रेट्रोव्हायरसांचा उरलेला आहे. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी कुणा पूर्वजाच्या बीजपेशीत नाव चढलं, ते अजून नकलतंय. त्यातलं एक जनुक आज गर्भाची वार तयार व्हायला लागतं. काका, याला काय म्हणाल?

माजी_तलाठी | सोमवार, दुपारी २:१०

वहिवाट.

भिडेपुलाखालून | सोमवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याला धागा वाचायला दिला. 'नाव सातबाऱ्यावर आहे' हे ऐकून हसला, आमच्याकडे जमिनीचा दावा कैक वर्षं चालू आहे. गोळी घेतोय.

त्याचा आता पुढचा प्रश्न: साठा तपासणीत दिसतच नाही, तर व्हायरल लोड परत परत कशाला करायचा? आणि केंद्रातल्या एकाला मागे अचानक ८० आला म्हणे, तो घाबरून गेला होता. गोळी तर चुकली नव्हती.

समुपदेशक_ताई | मंगळवार, सकाळी ७:००

तपासणी साठ्यासाठी नसतेच. गोळी पोटात जातेय का आणि गेलेली काम करतेय का, एवढं ती सांगते. आकडा (मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती) १,००० च्या खाली असेल तर आम्ही गोळी बदलत नाही. वर गेला तर आधी नीट बसवून बोलतो, कुठे सुटतेय ते शोधतो, तीन महिने गोळी काटेकोर घ्यायला लावून परत तपासतो. तेव्हाही वरच राहिला, तर विषाणूने औषधाला दाद न देणं शिकलंय का, ते बघायचं.

एकदाच ८० येऊन पुढच्या वेळी नाहीसा झाला तर त्याचं काही वाटून घेऊ नका. गोळी चुकलेली नसतानाही असं होतं. का होतं ते पेशीवाले सांगतील, मला आता ओपीडी आहे.

पेशीवाला | मंगळवार, सकाळी ८:४०

लपलेल्या पेशींपैकी एखादी अधूनमधून जागी होते. सर्दी-तापाने, दुसऱ्या कशाने, किंवा काहीच कारण नसताना. ती थोडे विषाणू सोडते. पण बाहेर गोळी हजर असते, त्यामुळे त्यांना नवीन पेशीत नाव लावता येत नाही आणि ते तिथेच संपतात. तेवढ्यात कुणी रक्त काढलं तर रिपोर्टवर ८० दिसतो. गोळी बंद असती तर याच ८० चे काही आठवड्यांत हजारो झाले असते.